रब्बी ज्वारीची राखण आणि गोफणीचा वापर

जालना जिल्ह्यात रब्बी ज्वारीची पेरणी साधारणपणे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते. पौष महिन्याच्या सुमारास कणसे चिकात येतात आणि तेव्हापासून दाणा टणक होईपर्यंतचे तीन-चार आठवडे शेतकऱ्याच्या दृष्टीने अत्यंत जोखमीचे असतात. चिमण्या, पोपट, होले यांच्या जोडीला हिवाळ्यात मध्य आशियातून येणाऱ्या भोरड्यांचे थवेच्या थवे या काळात शिवारात उतरतात. चिकातला मऊ दाणा पाखरे चोचीने पिळून घेतात, हुरड्याचा दाणा टिपतात, आणि जेवढे खातात त्याहून अधिक खाली सांडतात.

पूर्वी हा उपद्रव फारसा जाणवत नसे. संपूर्ण शिवारात ज्वारीच उभी असल्यामुळे पाखरांचा वाटा सर्वांवर विभागला जाई. आता जिल्ह्यातील बरेचसे क्षेत्र कापूस व सोयाबीन या पिकांखाली गेले आहे. बदनापूर, भोकरदन किंवा मंठा तालुक्यांत दहा-वीस शेतांमागे एखाद्याच शेतात ज्वारी दिसते आणि आसपासची सर्व पाखरे त्या एकाच शेतावर येतात. राखण जमत नाही म्हणून त्या शेतकऱ्यानेही ज्वारी सोडली, की घरच्या भाकरीबरोबर जनावरांचा कडबाही जातो. कडब्याची किंमत काय असते, हे १९७२ च्या आणि २०१२-१३ च्या दुष्काळाने या जिल्ह्याला दाखवून दिले आहे. मालदांडी, परभणी मोती यांसारखे वाण धान्य व कडबा दोन्ही देतात. परंतु वाण कितीही उत्तम असला तरी कणसात दाणा राहिला तरच त्याचा उपयोग.

बुजगावणे, चकचकीत फिती व डबे वाजविणे हे उपाय चार-सहा दिवस चालतात. पुढे पाखरे त्यांना सरावतात. गोफणीचा धाक मात्र टिकतो, कारण तिच्यामागे माणूस असतो आणि धोंडा दरवेळी निराळ्या जागी पडतो.

गोफण म्हणजे ताग किंवा अंबाडीच्या वाखाच्या दोन दोऱ्या व त्यांच्यामध्ये विणलेली रुंद झोळी. एका दोरीच्या टोकाला बोट जाईल एवढा फास असतो, दुसऱ्या दोरीला गाठ असते आणि गाठीपुढे वाखाचा बारीक झुपका सोडलेला असतो. गोफण दुमडून दोन्ही टोके छातीपाशी धरली असता झोळी गुडघ्यापर्यंत यावी, एवढी लांबी शिकणाऱ्यास पुरे. नायलॉनची दोरी गुळगुळीत असल्याने बोटांतून अवेळी सटकते. शक्यतो ती वापरू नये.

हाताने फेकलेल्या दगडापेक्षा गोफणीचा दगड दूर जातो, याचे कारण सरळ आहे. गोफणीमुळे हाताची लांबीच जणू दुप्पट होते आणि तितक्याच फेऱ्यांत दगडाला अधिक वेग मिळतो. याच गुणामुळे भूमध्य समुद्रातील बॅलेरिक बेटांवरील गोफणकरी प्राचीन काळी कार्थेज व रोम यांच्या सैन्यांत मानाने घेतले जात, आणि दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातील मेंढपाळ आजही कळप वळविण्यासाठी गोफण बाळगतात.

फास उजव्या हाताच्या मधल्या बोटात अडकवावा आणि गाठ अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत धरावी. पहिले दोन दिवस झोळी रिकामी ठेवून केवळ फिरविण्याचा सराव करावा. त्यानंतर झोळीत मातीचे ढेकूळ घ्यावे. गोफण डोक्यावरून, उजवीकडून पुढे व पुढून डावीकडे अशी फिरवावी. दोन किंवा तीन फेऱ्या पुरेशा होतात. अधिक फेऱ्यांनी अंतर वाढत नाही, नेम मात्र चुकतो. सुटलेला दगड झोळी ज्या दिशेस जात असेल त्याच दिशेने सरळ जातो. म्हणून झोळी समोर आल्यावर गाठ सोडणे चूक आहे. ती उजव्या खांद्याच्या बाजूस असतानाच गाठ सोडली म्हणजे दगड समोर जातो. दगड वारंवार डावीकडे जात असल्यास गाठ उशिरा सुटते व उजवीकडे जात असल्यास लवकर सुटते, असे समजावे. डावखुऱ्या माणसाने हे सर्व उलट करावे. गाठ झटक्याने सुटली की झुपक्याचा आसुडासारखा आवाज होतो. पुष्कळदा थवा उठविण्यास तेवढाच पुरतो.

गोफणगुंड्यासाठी दगडांऐवजी लिंबाएवढे मातीचे गोळे वळून उन्हात वाळवावेत. ते पडताच फुटतात, कणसे मोडत नाहीत आणि पुढील हंगामात कुळवाच्या फाशीला अडत नाहीत. मचाण शेताच्या मधोमध व कणसांहून उंच बांधावे. गोफण फिरविताना जवळ कोणीही उभे राहू नये. रस्ता, वस्ती, विजेच्या तारा किंवा शेजारच्या शेतातील माणसे-जनावरे यांच्या दिशेने ती कदापि सोडू नये. लहान मुलांच्या हाती गुंडा देऊन एकट्याने राखणीस बसविणे धोक्याचे आहे.

राखणीची खरी वेळ सूर्योदयापासून दहापर्यंत आणि दुपारी तीननंतर दिवेलागणीपर्यंत असते. भर दुपारी पाखरे झाडीत विसावतात. थवा पिकावर उतरण्यापूर्वीच, तो घिरट्या घालीत असताना, त्याच्या अलीकडे गोळा टाकावा. एकदा बसून खाऊ लागलेला थवा लवकर उठत नाही.

पाखरांना उडवून लावणे एवढाच गोफणीचा हेतू असावा. पोपटासह बहुतेक पक्ष्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. त्यांना मारणे हा गुन्हा आहे. शिवाय हीच पाखरे शेतातील अळ्याही वेचतात, भोरड्या तर टोळ खाण्याबद्दल प्रसिद्ध आहेत. हरभऱ्यावरील घाटे अळीसाठी शेतकरी मुद्दाम पक्षिथांबे उभारतात. ज्याच्या एका वावरात हरभरा व शेजारीच ज्वारी असेल, त्याने ज्वारी चिकात येताच तिच्या लगतचे थांबे काढून दूरच्या बाजूस रोवावेत.

एकट्या कुटुंबास दोन्ही वेळची राखण झेपत नाही. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वीच ज्वारी घेणाऱ्या शेतकऱ्यांना एकत्र बसवून लगतच्या गटांत आणि एकाच आठवड्यात पेरणी करण्याविषयी ठरवून घ्यावे. पीक एकाच वेळी चिकात आले, तर चार घरांना पाळीपाळीने एका मचाणावरून राखण करता येते. सुगी संपल्यावर गोफण झटकून कोरड्या जागी आढ्याला टांगावी आणि पुढील वर्षी वापरण्यापूर्वी फास व झोळीचे वाख कुजले नाहीत ना, हे ओढून पाहावे.