इंजिनाच्या टॅपेटचे नट ढिले होऊ नयेत म्हणून घ्यावयाची काळजी

जेथे विजेची सोय नाही अथवा ती वेळेवर मिळत नाही, तेथे विहिरीवरील वा ओढ्यावरील पंप डिझेल इंजिनावर चालवावा लागतो. पीक फुलोऱ्यात असताना इंजिन बंद पडल्यास पाण्याची पाळी चुकते व त्याची भरपाई पुढे होत नाही. अशा बिघाडाचे मूळ पुष्कळदा एखाद्या मोठ्या भागात नसून टॅपेटच्या लहानशा चेकनटमध्ये असते.

पुण्याजवळ खडकी येथे १९४६ साली किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. तेव्हापासून डिझेल इंजिन महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या चांगल्या परिचयाचे झाले आहे. मुळशी तालुक्यातील माण गावापासून पिंपरी-चिंचवड व चाकणचा कारखान्यांचा पट्टा फार दूर नाही. मोटारींच्या अशा कारखान्यांत महत्त्वाचा नट किती जोराने आवळावा हे ठरलेले असते व तो जोर मोजणारा पाना वापरतात. शिवारात मात्र हे काम बहुधा साध्या पान्याने व हाताच्या अंदाजाने होते. म्हणून नट का सुटतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

नट का सुटतो ?

चार फेऱ्यांचे इंजिन मिनिटास १,५०० वेळा फिरत असल्यास त्याची प्रत्येक झडप, म्हणजेच व्हॉल्व, मिनिटास ७५० वेळा उघडते. तासाभरात हा आकडा ४५,००० होतो. तितकेच ठोके रॉकरवरील टॅपेट स्क्रूला बसतात. हा स्क्रू जागेवर राहतो तो चेकनटमुळे. नट आवळला की स्क्रू किंचित ताणला जातो. या ताणामुळे आटे एकमेकांवर घट्ट दाबले जातात व त्यांच्यातील घर्षण नटास फिरू देत नाही.

गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली दाखवून दिले की, जोडलेले भाग आडव्या दिशेने पुनःपुन्हा सरकू लागले म्हणजे हे घर्षण नाहीसे होते व नट आपोआप उलटा फिरू लागतो. पुरेसा ताण असेल तर भाग सरकतच नाहीत. तात्पर्य, नटाचे खरे रक्षण ताणाने होते. स्प्रिंग वॉशरवर फारशी भिस्त ठेवता येत नाही. नटाखाली घाण अथवा रंग राहणे, आटे झिजणे आणि नट कमी आवळणे या कारणांनी ताण घटतो. उलट नट अति आवळल्यास आटे मरतात.

ढिलेपणाचे परिणाम

आट्यांमधील अंतर १ मिलिमीटर असल्यास स्क्रू पाव फेरा फिरताच ०.२५ मिलिमीटरचा फरक पडतो. टॅपेटची फट मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच असते, हे ध्यानात घेतल्यास हा फरक लहान नव्हे. फट वाढली तर टकटक आवाज येतो, झडप पुरेशी उघडत नाही, इंजिनाची शक्ती घटते व धूर वाढतो; प्रसंगी पुश रॉड निसटून वाकतो. फट नाहीशी झाली तर झडप नीट बसत नाही, दाब निसटतो, इंजिन सुरू होण्यास त्रास देते व झडप जळते.

दुरुस्तीची रीत

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे व डिझेल बंद करावे. आच्छादन काढण्यापूर्वी त्यावरील धूळ पुसावी.

२. हेडचे व रॉकर-स्टँडचे नट प्रथम तपासावेत. ते आवळल्याने टॅपेटची फट बदलते, म्हणून टॅपेट नेहमी शेवटी लावावा.

३. फ्लायव्हील हाताने फिरवून पिस्टन दाबाच्या फेरीअखेर अगदी वर आणावा. या वेळी दोन्ही झडपा बंद असतात. एखादा रॉकर हलत असल्यास आणखी एक पूर्ण फेरा द्यावा.

४. चेकनट सैल करून इंजिनाच्या माहितीपुस्तकात दिलेल्या मापाची फीलर गेजची पट्टी फटीत घालावी. पट्टी किंचित अडून सरकेल इतपत स्क्रू फिरवावा.

५. स्क्रू पेचकसाने धरून ठेवावा आणि मगच चेकनट पान्याने आवळावा. स्क्रू न धरल्यास तो नटाबरोबर फिरतो.

६. नट आवळल्यावर फट पुन्हा मोजावी. फ्लायव्हीलचे दोन फेरे देऊन आणखी एकदा खात्री करावी. ही शेवटची तपासणी कधीही टाळू नये.

काय करू नये

आटे मेलेला वा कोपरे झिजलेला नट पुन्हा वापरू नये. त्याच मापाचा व प्रतीचा नवा नट घालावा. नायलॉनची कडी असलेला नट आच्छादनाच्या आत वापरू नये, कारण उष्णतेने नायलॉन मऊ पडते. चालू इंजिनाच्या रॉकरजवळ हात नेऊ नये. पायाचे बोल्ट ढिले ठेवून इंजिन चालवू नये, कारण त्यामुळे हादरे वाढून इतर नटही सुटू लागतात.

पायाच्या बोल्टवर नटापासून खालच्या लोखंडापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला असे समजावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पाण्याच्या पाळ्या सुरू होण्यापूर्वी ही कृती शेतकऱ्यांना प्रत्यक्ष करून दाखवावी. इंजिन किती तास चालले याची नोंद एका वहीत ठेवून माहितीपुस्तकात सांगितलेल्या तासांनी टॅपेट तपासावा. एक फीलर गेज, एक पेचकस, योग्य मापाचा पाना व थोडा वेळ एवढ्यावर हे काम होते व उभ्या पिकाची पाळी चुकत नाही.