आबांपेक्षा एक वर्षाने थोरली रायफल

इयत्ता चौथी



७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. १९४९ सालापासून तो पाळतात. त्या दिवशी आपण निधीला पैसे देतो आणि छातीला छोटा झेंडा लावतो. गुरुजी म्हणाले, या महिन्याच्या अंकात गावातल्या फौजींविषयी कुणीतरी लिहा. आपल्या गावात पेन्शनवर आलेले फौजी पुष्कळ आहेत. त्यांना नुसतं "लढाईचं सांगा" म्हटलं की संध्याकाळ होते. म्हणून मी एकच प्रश्न ठरवला : तुम्ही चालवलेलं सर्वात जुनं हत्यार कोणतं? तो तिघांना विचारला.

पहिले माझे आबा. त्यांचा जन्म १९४४ सालचा. १९६३ साली ते बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. तिथं त्यांना जी रायफल मिळाली तिच्या बटाजवळच्या लोखंडावर राजाचा मुकुट, इशापूर हे नाव आणि १९४३ हे साल कोरलेलं होतं. इशापूर बंगालमध्ये आहे, तिथं रायफलींचा सरकारी कारखाना आहे. स्वातंत्र्य मिळून सोळा वर्षं झाली होती तरी मुकुट तसाच. आबा म्हणाले, "माझ्यापरीस एका वर्षानं थोरली व्हती ती. म्हणून मी तिला कधी आदळली न्हाई." आणि साल १९४३ असलं तरी तिचा नमुना त्याहून जुना, १९०७ चा आहे. म्हणजे आबांच्या वडिलांच्याही आधीचा.

तिचं नाव थ्री नॉट थ्री. हे नाव कशावरून पडलं ते मला आधी माहीत नव्हतं. तिच्या नळीचं भोक एका इंचाचे हजार भाग केले तर ३०३ भाग रुंद असतं. मिलिमीटरमध्ये ७.७ होतात. आपली शिसपेन्सिल साधारण ७ मिलिमीटर जाड असते, म्हणजे ती त्या नळीत जेमतेम जाईल. एवढ्याशा भोकासाठी रायफलीचं वजन चार किलो!

ती चालते कशी हे आबांनी मागच्या दाराच्या सरकत्या कडीवर दाखवलं. रायफलीला तशीच कडी असते, तिला बोल्ट म्हणतात. दांडा वर उचलायचा, मागं ओढायचा, की रिकामं खोकं बाहेर उडतं. मग पुढं ढकलायचा, की खालच्या पेटीतली नवी गोळी नळीत जाते. मग दांडा खाली. आता नेम धरून घोडा ओढायचा. पुढच्या गोळीला पुन्हा वर, मागं, पुढं, खाली. पेटीत दहा गोळ्या मावतात. त्या पाचपाचच्या क्लिपने भरायच्या. उस्ताद घड्याळ लावून मिनिटाला पंधरा गोळ्या मारून घेत. ६० भागिले १५ म्हणजे एका गोळीला ४ सेकंद, आणि त्यातच पेटी भरायची. तुम्ही घरी कडीवर करून बघा. मी केलं, मला नेम न धरताही जमलं नाही.

इथं आबा जरा गप्प झाले. मग म्हणाले, "आमचे उस्ताद बासष्टच्या लढाईतून परत आलेले. ते म्हणायचे, आमचा बोल्ट मागं जाईस्तोवर समोरून चारपाच यायच्या. आन् थंडीनं बोटं वळत न्हवती." चिनी सैन्याकडे तेव्हा भराभर चालणाऱ्या बंदुका होत्या. १८ नोव्हेंबर १९६२ ला लडाखमध्ये रेझांग ला इथं मेजर शैतान सिंह आणि त्यांचे कुमाऊँ रेजिमेंटचे जवान लढले. एकशेवीस होते, एकशेचौदा गेले. त्यांच्या हातात हीच थ्री नॉट थ्री होती. मेजरसाहेबांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

नंतर आबांच्या पलटणीत एसएलआर आली. तिच्यात गोळी सुटताना नळीत जो वायू दाबाने भरतो त्यातला थोडा वळवून तोच बोल्ट मागं ढकलतो. हाताने ओढायला नको, फक्त घोडा ओढायचा. पेटीत वीस गोळ्या. आबांना ती आवडली, पण नेमाला थ्री नॉट थ्रीच बरी असं ते अजून म्हणतात. तिच्या बटाला पितळी पत्रा असायचा. त्यात छोटं दार आणि दारात तेलाची बाटली आणि पुलथ्रू. पुलथ्रू म्हणजे वजन बांधलेली दोरी. वजन नळीतून सोडायचं, दोरीला चिंधी लावायची आणि ओढायची, की नळी चकचकीत. त्या रायफलीचा बट नंबर आबांना अजून पाठ आहे. माझा वाढदिवस मात्र आजीला विचारावा लागतो.

दुसरे हवालदार आजोबा. ते तोफखान्यात होते, शिक्षण नाशिक रोडला. त्यांना डाव्या कानाने काहीच ऐकू येत नाही आणि उजव्यानेही फारसं नाही, म्हणून मी पाटीवर प्रश्न लिहून नेले. त्यांचं सर्वात जुनं हत्यार पंचवीस पौंडी तोफ. दुसऱ्या महायुद्धातली. आजोबांनी ती १९७१ च्या लढाईत चालवली. गोळ्याचं वजन पंचवीस पौंड म्हणून ते नाव. म्हणजे सव्वाअकरा किलो, तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यापेक्षा थोडं कमी. आधी गोळा आत सारायचा, मग मागून पितळी नळकांडं. त्यात दारूच्या पिशव्या असतात : लाल, पांढरी आणि निळी. जवळ मारायचं तर लालच ठेवायची, लांब मारायचं तर तिन्ही. जास्तीत जास्त बारा किलोमीटर. तोफेखाली बैलगाडीच्या चाकासारखं आडवं चाक टाकतात, त्यावर ती गर्रकन कुठेही फिरते. सहाजण एका तोफेवर. कानाला काही नसायचं, बोटं घालायची. पण ज्याच्या हातात गोळा तो बोटं कशी घालणार?

मी पाटीवर लिहिलं, "तुमचा गोळा कुणाला लागला?" आजोबांनी वाचलं, पाटी पुसली आणि स्वतः लिहिलं, "बारा किलोमीटरवरचं दिसत नाही." मग त्यांनी मला शेंगा दिल्या.

तिसरे सुभेदार तात्या. ते १९७७ ला भरती झाले. त्यांची ब्रेन गन. मेंदूला इंग्रजीत ब्रेन म्हणतात, त्याचा इथं संबंध नाही. चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो गावाचं पुढचं अक्षर आणि इंग्लंडातल्या एनफिल्डचं पुढचं अक्षर जोडून ते नाव झालं. तिची पेटी वरून लागते, म्हणून नेम डावीकडून धरतात. नळी तापली की जोडीदाराने ती काढून दुसरी बसवायची. जुन्या ब्रेनची पेटी केळ्यासारखी वाकडी का, ते तात्यांनी खिळ्यांवर दाखवलं. खिळे एकावर एक, डोकी एकाच बाजूला करून ठेवले की ढीग वाकतो. थ्री नॉट थ्रीच्या गोळीलाही बुडाशी तशीच कड असते. तात्यांच्या वेळी ब्रेन बदलून नव्या बिनकडेच्या गोळीची केली होती, म्हणून त्यांची पेटी जवळजवळ सरळ.

थ्री नॉट थ्री फौजेतून गेल्यावरही पोलिसांकडे कितीतरी वर्षं होती. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी ती २६ जानेवारी २०२० च्या संचलनात शेवटची मिरवली.

मला वर्गातल्या मुलांनी विचारलं, तुमच्या घरी आहे का ती रायफल? नाही. फौजेतलं हत्यार फौजेतच राहतं. ते ठेवतात त्या खोलीला कोत म्हणतात. आबांनी एसएलआर मिळाली त्या दिवशी थोरली रायफल पुसली, तेल लावलं आणि कोतात जमा करून सही केली. तेलाची बाटलीसुद्धा द्यावी लागली. शेजारचं चित्र मी आबांच्या सांगण्यावरून काढलं आहे. बोल्टचा दांडा उजव्या बाजूला आहे तो बघा.