भर पावसात ट्रॅक्टर का तापतो?

गुहागर - बाहेर आषाढसरी कोसळत असताना भातखाचरातील ट्रॅक्टरमधून वाफेचे लोट निघावेत, हे शहरी माणसाला चमत्कारिक वाटेल. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यातही चिखलणीच्या वेळी इंजिन तापू शकते.

डिझेलच्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच कामी येते. उरलेली बरीचशी उष्णता धुरावाटे व इंजिनभोवती फिरणाऱ्या पाण्यावाटे बाहेर पडते. रेडिएटरच्या जाळीतून हवा खेळली, तरच हे पाणी निवते. चिखलणीत ट्रॅक्टरचा वेग कमी आणि इंजिनावरील भार मोठा असतो. त्यातच जाळीवर चिखल व गवत बसले, की हवा अडते.

तापमापकाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकताच काम थांबवून भार काढावा. पाणी गळत नसेल, तर काही मिनिटे इंजिन मंद गतीने चालू ठेवावे. पाणी गळत असेल किंवा वाफ निघत असेल, तर ते तत्काळ बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असल्याने शंभर अंशांवरही ते उकळत नाही. झाकण निघताच दाब उतरतो आणि उकळते पाणी अंगावर उसळते. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाण्याचा धोका असतो.

इंजिन निवल्यावर तपासणी स्वस्त गोष्टींपासून करावी. प्रथम पाण्याची पातळी व रबरी नळ्या पाहाव्यात. मग पाण्याच्या सौम्य धारेने जाळी आतून बाहेरच्या दिशेने धुवावी. जोरदार धारेने जाळीच्या पात्या वाकतात. पंख्याचा पट्टा सैल वा गुळगुळीत झाला असल्यास पंखा व पंप मंदावतात. त्यानंतरच थर्मोस्टॅट आणि पंपाकडे वळावे. ऑइल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरलेले असते. अशा वेळी इंजिन सुरू न करता मेकॅनिकला बोलवावे.

खाडीकाठच्या मचूळ विहिरीचे पाणी रेडिएटरमध्ये घालणेही महागात पडते. क्षारांमुळे नळ्या बुजतात व गंज चढतो. क्षारविरहित पाणी आणि योग्य प्रमाणात कूलंट वापरावे.

लावणीचे दिवस मोजकेच असतात. भाड्याचा एक ट्रॅक्टर बंद पडला, तर वाडीतील अनेक घरांची रोपे तरव्यातच जून होतात. त्यामुळे चिखलणीच्या काळात जाळी रोज धुणे श्रेयस्कर.