मुरलेल्यांचा संघ

तिशी ओलांडली की खेळाडूचा वेग ओसरू लागतो. मग ज्या फुटबॉल संघात बहुतेक गडी तिशीच्या आसपासचे किंवा पलीकडचे, त्याने विजयाची आशा सोडावी काय?

23 मे 2007 रोजी अथेन्स येथे युरोपच्या विजेतेपदासाठी इटलीचा मिलान आणि इंग्लंडचा लिव्हरपूल हे संघ झुंजले. मिलानचा कर्णधार पाओलो माल्दिनी याला 39 वे वर्ष पुरे होण्यास महिनाच उरला होता. तरी तो पूर्ण वेळ बचावास उभा राहिला. तरणा गडी चेंडूमागे धावतो; मुरलेला गडी चेंडू कोठे येणार हे ताडून आधीच तेथे पोचतो. 33 वर्षांच्या फिलिपो इंझागीने दोन गोल केले व मिलानने 2-1 असा विजय मिळविला. पहिल्या वेळी सोबत्याचा फटका नुसता त्याच्या अंगाला लागून जाळ्यात गेला. पण नेमके तेथे असणे हे का सोपे काम? दुसऱ्या वेळी चेंडू पुरविला तो ब्राझीलच्या काकाने. नाव काका, पण वय अवघे 25!

एक सामना असा जिंकता येतो. हंगाम मात्र दहा महिन्यांचा. दर तीन-चार दिवसांनी खेळावे लागले, की वाढत्या वयाच्या शरीराला थकवा भरून काढण्यास अवधी पुरत नाही. पुढच्या हंगामात मिलान इटलीच्या साखळी स्पर्धेत पाचवा आला. युरोपच्या स्पर्धेत तर 4 मार्च 2008 रोजी आर्सेनलच्या तरुण संघाने त्याला त्याच्याच मैदानावर 2-0 असे हरविले. दोन्ही गोल अखेरच्या काही मिनिटांत झाले. पहिला करणारा फाब्रेगास 20 वर्षांचा होता.