थेंबांचं औषध ‘सौम्य’ नसतं

तान्ह्या बाळांसाठी मिळणारे पॅरासिटामॉलचे थेंब म्हणजे मोठ्या मुलांच्या सिरपचंच पातळ रूप, असं शिकलेली माणसंही इतक्या खात्रीने सांगतात की ऐकून राग येतो. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. तान्ह्या बाळाच्या गळी चमचाभर औषध उतरवणं अवघड, म्हणून थेंबांमध्ये थोड्याशा द्रवातच भरपूर औषध असतं. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा: थेंबांवर बहुधा १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असं छापलेलं असतं, सिरपवर ५ मिलिलिटरमध्ये १२५ किंवा २५० मिलिग्रॅम. म्हणजे १२५च्या सिरपपेक्षा थेंब चौपट तीव्र. किलोमागे १५ मिलिग्रॅम धरले तर दहा किलोच्या मुलाला एका वेळी १५० मिलिग्रॅम पुरतात: १२५च्या सिरपचे ६ मिलिलिटर, २५०च्या सिरपचे ३, थेंबांचे फक्त दीड. सिरप संपलं म्हणून तेवढेच ६ मिलिलिटर थेंब पाजले, तर एका घोटात ६०० मिलिग्रॅम पोटात जातात. एकदा झालं तर बहुधा निभावतं. पण दर सहा तासांनी तेच होत राहिलं, तर यकृताला गंभीर इजा होऊ शकते.

‘आम्ही नेहमी असंच देतो, कधी काही झालं नाही,’ या युक्तिवादात अर्थ नाही. पॅरासिटामॉलची मात्रा जास्त झाली तरी पहिल्या दिवशी मूल चांगलं खेळताना दिसू शकतं, आतून मात्र यकृताची हानी सुरू झालेली असते. एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत सर्वांत प्रभावी ठरतो. म्हणून लक्षणांची वाट न पाहता बाटली बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा. हा घोळ फक्त निष्काळजी पालकांचाच होतो, असंही नाही. अमेरिकेत अशाच चुका होत राहिल्याने २०११ साली उत्पादकांनी बाळांचे तीव्र थेंब बंद करायचं ठरवलं आणि ५ मिलिलिटरमध्ये १६० मिलिग्रॅम हे एकच प्रमाण ठेवलं. आपल्याकडे दोन्ही बाटल्या दुकानात शेजारी शेजारी असतात.

बाकीचे समज थोडक्यात. मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते. घरातला चमचा हे माप नव्हे. बाटलीबरोबरचं झाकण, ड्रॉपर किंवा सिरिंजच वापरावी, आणि एका औषधाचा ड्रॉपर दुसऱ्याला लावू नये. सर्दीच्या काही सिरपमध्येही पॅरासिटामॉल असतं, त्यामुळे दोन्ही दिली की मात्रा दुप्पट होऊ शकते. आणि ‘साधं’ खोकल्याचं औषध दोन वर्षांखालील मुलांना देऊच नये, असं केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५मध्ये राज्यांना स्पष्ट कळवलं आहे.