ऊस वाहतुकीचा ट्रक : एक्सलचे गिअर बदलण्यापूर्वी



अंबड तालुक्यातील अंकुशनगर हे गाव समर्थ सहकारी साखर कारखान्यामुळे ओळखले जाते. पैठणच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर या पट्ट्यात उसाचे क्षेत्र वाढले. ऊस पिकतो तो भारी काळ्या जमिनीत आणि जातो तो डांबरी रस्त्याने. फड ते रस्ता हे अंतर जेमतेम काही फर्लांगांचे असते, पण हंगामातला निम्मा खोळंबा याच टप्प्यात होतो. ट्रक रुततो, इंजिन दम टाकते किंवा एक्सल तुटतो. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळला जावा, अशी शिफारस आहे. गाडी फडात अडकली की ऊस वाळतो, वजन घटते, साखरही घटते. यात नुकसान वाहनमालकाचे तर होतेच, पण ऊस उत्पादकाचेही होते.

यावर उपाय म्हणून काही जण लष्कराने सेवेतून काढलेला, लिलावात मिळणारा भक्कम ट्रक घेण्याचा विचार करतात, तर काही जण आहे त्याच ट्रकच्या मागील एक्सलचे क्राऊन-पिनियन बदलून घेतात. हा खर्च मोठा असतो. तो करण्यापूर्वी गिअर बदलल्याने काय मिळते आणि काय मिळत नाही, हे समजून घेणे हिताचे आहे.

गुणोत्तर म्हणजे काय?

इंजिनची शक्ती गिअरबॉक्समधून प्रॉपेलर शाफ्टद्वारे मागील एक्सलमध्ये येते. तेथे लहान दातेरी चाक म्हणजे पिनियन, मोठ्या दातेरी चाकाला म्हणजे क्राऊनला फिरवते. क्राऊनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागले की एक्सलचे गुणोत्तर मिळते. उदाहरणार्थ, क्राऊनला ३९ व पिनियनला ७ दाते असतील तर गुणोत्तर ५.५७ येते, ४१ व ६ दाते असतील तर ६.८३ येते. आकडा जितका मोठा, तितकी ओढ जास्त आणि वेग कमी. ५.५७ ऐवजी ६.८३ ची जोडी बसवली तर त्याच इंजिनची चाकावरील ओढ सुमारे २३ टक्क्यांनी वाढते. इंजिनची अश्वशक्ती मात्र तसूभरही वाढत नाही.

याची किंमत वेगात मोजावी लागते. १०.००-२० मापाचा टायर एका फेऱ्यात सुमारे ३.२ मीटर अंतर कापतो. इंजिनचे २४०० फेरे आणि थेट टॉप गिअर धरला, तर ५.५७ गुणोत्तराला ताशी सुमारे ८३ किलोमीटर आणि ६.८३ ला सुमारे ६७ किलोमीटर वेग मिळतो. उसाने भरलेल्या गाडीला एवढा वेग लागत नाही, हे खरे. परंतु प्रत्येक किलोमीटरला, अगदी रिकामे परततानाही, इंजिनला २३ टक्के जास्त फेरे मारावे लागतात.

इंजिन थांबते की चाक फिरते?

गाडी फडात अडली की प्रथम एकच गोष्ट पाहावी. चाक जागीच राहून इंजिन दम टाकते, की इंजिन चालू राहून चाक जागच्या जागी गरगर फिरते? इंजिन थांबत असेल तर ओढ कमी पडते आहे. तेथे गिअर बदलण्याचा उपयोग होऊ शकतो. चाक फिरत असेल तर पकड कमी पडते आहे. तेथे कितीही मोठ्या गुणोत्तराचा उपयोग नाही, उलट चाक अधिक खोल रुतते.

हे हिशेबाने पाहू. मालासह १६ टनांची गाडी मऊ शेतातून बांधाकडे चढते आहे. जमिनीचा विरोध वजनाच्या १२ टक्के आणि चढ ६ टक्के धरला, तर लागणारी ओढ २८८० किलो होते. इंजिनचा पीळ ४० किलो-मीटर, पहिला गिअर ७ आणि वाटेतील घट १५ टक्के धरली, तर ५.५७ गुणोत्तराला सुमारे २६०० किलो ओढ मिळते. म्हणजे गाडी अडते. ६.८३ ला सुमारे ३२०० किलो मिळते, म्हणजे गाडी निघते.

परंतु हे कोरड्या जमिनीत. जमीन ओली असेल आणि मागील चाकांवर १०.२ टन भार असेल, तर पाव हिश्शाची पकड धरून जास्तीत जास्त २५५० किलो ओढच जमिनीवर उतरते. मग गिअर कोणताही असो, गाडी निघणार नाही.

आता दुसरा मार्ग पाहा. कोरड्या शेतात गाडी १६ ऐवजी १२ टनांची भरली तर लागणारी ओढ २१६० किलोवर येते आणि जुन्या गिअरवरच गाडी बाहेर पडते. उरलेल्या मोळ्या बैलगाडीने किंवा ट्रॅक्टरने रस्त्याच्या कडेला आणून तेथे भराव्यात. मजुरी थोडी वाढेल, पण क्राऊन-पिनियनचा खर्च वाचेल.

लष्करी ट्रकचे बळ कशात?

जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने जबलपूर येथे १९५९ पासून तयार झालेला शक्तिमान ट्रक अनेकांनी पाहिला असेल. असा ट्रक चिखलातून निघतो याचे मुख्य कारण एक्सलचे गुणोत्तर नव्हे, तर पुढच्या चाकांनाही मिळणारी ओढ हे आहे. वरच्या उदाहरणात चारही बाजूंची चाके ओढू लागली की सगळे १६ टन वजन पकडीसाठी उपयोगी पडते आणि ओल्या जमिनीतही सुमारे ४००० किलो ओढ जमिनीवर उतरू शकते.

म्हणूनच अशा ट्रकचा केवळ मागचा गिअर बदलणे ही मोठी चूक ठरते. पुढील व मागील गुणोत्तर वेगळे झाले की दोन्ही एक्सल एकमेकांविरुद्ध ओढतात. मऊ मातीत टायर घसरून ताण सुटतो; डांबरी रस्त्यावर तो सुटत नाही आणि शाफ्ट, क्रॉस किंवा गिअर तुटतो. मग गॅरेजवाला पुढचा प्रॉपेलर शाफ्ट काढून देतो. म्हणजे ज्या गुणासाठी ट्रक घेतला तोच गेला. अमेरिकी लष्कराच्या एम-३५ या सहाचाकी ओढीच्या ट्रकमध्ये तिन्ही एक्सलचे गुणोत्तर ६.७२ असे एकच असते. बदलायचे तर सर्व एक्सल एकदम बदलावेत, नाहीतर बदलू नयेत.

आपल्या गाडीचे गुणोत्तर कसे मोजावे?

रिकामी गाडी सपाट, टणक जागी उभी करावी. इतर सर्व चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. मागील एका बाजूचे चाक जॅकने उचलून एक्सलखाली भक्कम आधार द्यावा. पुढच्या चाकांची ओढ असल्यास ती सोडवावी. गिअर न्यूट्रल करून हँडब्रेक सोडावा. उचललेले चाक हाताने २० फेरे फिरवावे आणि प्रॉपेलर शाफ्टचे फेरे मोजावेत. एकच चाक फिरत असल्याने २० फेऱ्यांत क्राऊन १० फेरे फिरतो. शाफ्टचे ६८ फेरे होऊन वर थोडा फिरला तर गुणोत्तर सुमारे ६.८३ समजावे. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये.

बदल करायचाच असेल तर

१. क्राऊन व पिनियन कारखान्यात जोडीने घासून जुळवलेले असतात. जोडीवरील क्रमांक तपासावा. एक जुना व एक नवा भाग कधीही बसवू नये. लष्करी गाडीची जोडी मिळते का, याची खात्री गाडी घेण्यापूर्वीच करावी.

२. पिनियनची खोली शिमने, बेअरिंगचा ताण व दात्यांमधील मोकळीक डायल गेजने उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे बसवून घ्यावी. दात्यांना रंग लावून ठसा दात्याच्या मध्यावर येतो का ते स्वतः पाहावे. 'हाताच्या अंदाजाने' बसवलेली जोडी भरल्या गाडीखाली फार काळ टिकत नाही.

३. बेअरिंग व ऑइल सील नवे घालावेत. उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीचेच गिअर ऑइल भरावे. सुरुवातीचे काही दिवस हलक्या भाराने गाडी चालवून तेल बदलावे. त्यामुळे हे काम हंगामापूर्वीच उरकावे.

४. गिअरबॉक्सवरून चालणारा वेगमापक आता चुकीचा वेग दाखवतो. वरील उदाहरणात तो खऱ्यापेक्षा जास्त दाखवेल. गुणोत्तर लहान केले तर मात्र खऱ्यापेक्षा कमी दाखवेल, आणि ते धोक्याचे आहे. तो दुरुस्त करून घ्यावा.

५. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनातील बदलांवर बंधने आहेत. बदलापूर्वी आणि लिलावातील गाडी घेण्यापूर्वीही परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

जास्त ओढ म्हणजे जास्त भार नव्हे

मोठ्या गुणोत्तराचा ट्रक सहज ओढतो म्हणून त्यात चार मोळ्या जास्त टाकण्याचा मोह होतो. परंतु वाढलेली २३ टक्के ओढ त्याच जुन्या हाफ-शाफ्टमधून जाते. ब्रेक, कमान-पाटे व टायर पूर्वीचेच असतात. २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. दंड भरून निघतो. रात्री रस्त्यात एक्सल तुटून उभ्या राहिलेल्या गाडीवर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा जीव भरून निघत नाही.

तेव्हा बंधूंनो, क्रम असा ठेवावा. आधी गाडीवाट मुरुम टाकून दुरुस्त करावी; तोडणीपूर्वी पाणी वेळेवर तोडून जमीन वाफशावर आणावी; फडात भार कमी भरावा. एवढे करूनही कोरड्या वाटेवर इंजिन दम टाकत असेल, तरच एक्सलच्या गिअरला हात घालावा.