वार्षिक अहवालातला ऐच्छिक रकाना

छत्तीसगडमधल्या रायपूर-धमतरी रस्त्यावरचं अभनपूर म्हणजे धानाचा मुलूख. त्याच रायपूर जिल्ह्यात, शहराच्या पलीकडे रायखेडा इथे १,३७० मेगावॅटचा कोळशावरचा वीजप्रकल्प आहे. अशा प्रकल्पांच्या चिमणीतून काय बाहेर पडावं, हे दिल्लीत ठरतं. ७ डिसेंबर २०१५ रोजी केंद्राने सल्फर डायऑक्साइडवर मर्यादा घातली आणि दोन वर्षांची मुदत दिली. ती आधी २०२२पर्यंत, मग आणखी पुढे सरकली. जुलै २०२५मध्ये तर सुमारे ७८ टक्के संचांना गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यापासून सूट मिळाली. सूट देण्याच्या बाजूने एक युक्तिवाद थेट हवामानाचा होता: यंत्रणा स्वतःच वीज खाते, चुनखडी वापरते, त्यामुळे कार्बन उत्सर्जन वाढतं. आपल्या कोळशात गंधक कमी, हा दुसरा. हे मुद्दे पोकळ नाहीत, त्यांना उत्तरंही आहेत. पण कोणत्या कंपनीने कोणता मुद्दा कोणापुढे मांडला, याचा हिशेब नागरिकापुढे नसेल, तर निर्णय पुराव्याने झाला की वजनाने, हे तो कसं ओळखणार?

हिशेब मागण्याची सोय आपल्याकडे अर्धवट झालेली आहे. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने २०२१मध्ये आखलेला शाश्वततेचा अहवाल २०२२-२३पासून बाजारमूल्याने पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना सक्तीचा आहे. त्याचं सातवं तत्त्व सांगतं की धोरणावर प्रभाव टाकताना कंपनीने जबाबदारीने आणि पारदर्शकपणे वागावं. मात्र सक्ती आहे ती प्रामुख्याने उद्योगसंघटनांच्या सदस्यत्वाची यादी देण्याची. कोणत्या धोरणासाठी आग्रह धरला आणि कोणत्या मार्गाने, हा रकाना ऐच्छिक आहे. म्हणजे दुकानाची पाटी दिसते, माल दिसत नाही. कंपनी स्वतः ‘नेट झिरो’चं वचन देते आणि तिची संघटना मुदतवाढ मागते, ही विसंगती यादीतून उघड होणार कशी? बीएचपी या खाण कंपनीने २०१७मध्ये आपल्या संघटनांच्या भूमिका स्वतःच्या हवामान धोरणाशी ताडून पाहिल्या, तफावत जाहीर केली आणि २०१८मध्ये जागतिक कोळसा संघटना सोडण्याचा अंतिम निर्णय घेतला. असं ताडून पाहणं अशक्य नाही, हे तिथे सिद्ध झालं.

सरकारपुढे बाजू मांडणं हा उद्योगांचा हक्कच आहे, असं कोणी म्हणेल. मान्य. शेतकरी संघटनाही तेच करतात. प्रश्न हक्काचा नाही, आडपडद्याचा आहे. व्यापारी गुपितांची सबब इथे लागू पडत नाही. उत्पादनाची कृती गुपित असू शकते, सार्वजनिक नियम बदलण्याची विनंती कशी असेल? कागदपत्रांचा बोजा वाढेल, ही तक्रारही टिकत नाही, कारण निवेदनं तर आधीच लिहिलेली असतात. शिवाय एकट्या कंपन्यांवर भार टाकायची गरज नाही. कायद्याआधीच्या सल्लामसलतीचं केंद्राचं २०१४चं धोरण मसुद्यावर आलेल्या सूचनांचा सारांश मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ठेवायला सांगतं. त्यात सूचना करणाऱ्या कंपनीचं आणि संघटनेचं नाव यावं. आणि सेबीने तो ऐच्छिक रकाना येत्या अहवालापासून सक्तीचा करावा.